घड्यांतील मुले : इनामगावच्या अस्थी आणि दख्खनच्या एका जुन्या दुष्काळाचा प्रश्न

१.
कुंभार पिंपळगाव हे जालना जिल्ह्याच्या घनसावंगी तालुक्यातील गाव. तालुक्याच्या दक्षिणेला गोदावरी वाहते. नदीच्या काठाने प्रवाहाविरुद्ध पश्चिमेकडे निघाले की पैठण लागते आणि त्याच्याही वर प्रवरासंगम. तेथे गोदावरीला मिळणाऱ्या प्रवरेच्या काठी नेवासे, दायमाबाद आणि जोर्वे ही तीन प्राचीन ठिकाणे आहेत. सुमारे ३००० वर्षांपूर्वी या खोऱ्यातील शेतकरी आपली दगावलेली तान्ही मुले मातीच्या घड्यांत ठेवून राहत्या घराच्या जमिनीखाली पुरत असत. कुंभाराने घडवलेल्या त्या घड्यांनी मुलांची हाडे जपली, आणि त्या हाडांनी महाराष्ट्राच्या इतिहासातील एका मोठ्या प्रश्नाची मांडणीच बदलून टाकली. हा थ्रेड त्या हाडांविषयी आहे.

२.
प्रथम प्रश्न समजून घेऊ. इ. स. पू. १४००च्या सुमारास गोदावरी, प्रवरा, तापी आणि भीमा यांच्या खोऱ्यांत शेतकऱ्यांची शेकडो लहानमोठी गावे होती. तांबे आणि दगड अशा दोहोंची हत्यारे वापरणारा हा ताम्रपाषाणयुगीन समाज. १९५०-५१ साली संगमनेर तालुक्यातील जोर्वे येथे ह. धी. सांकलिया आणि शां. भा. देव यांनी उत्खनन केले, म्हणून या संस्कृतीला ‘जोर्वे संस्कृती’ म्हणतात. इ. स. पू. १०००च्या सुमारास गोदावरी-प्रवरेच्या खोऱ्यातील बहुतेक गावे ओस पडली. भीमेच्या खोऱ्यातील काही गावे मात्र आणखी सुमारे ३०० वर्षे तग धरून राहिली. मग तीही रिकामी झाली. ही माणसे का गेली?

३.
या प्रश्नाचे उत्तर शोधण्यासाठी सर्वांत उपयोगी पडलेले गाव म्हणजे इनामगाव. पुणे जिल्ह्याच्या शिरूर तालुक्यात, घोड नदीच्या काठी. डेक्कन कॉलेजने तेथे १९६८ ते १९८३ या काळात उत्खनन केले. सांकलिया, म. के. ढवळीकर आणि झेड. डी. अन्सारी यांच्या नेतृत्वाखाली झालेले हे काम भारतातील ताम्रपाषाणयुगीन खेड्याचे सर्वांत सविस्तर उत्खनन मानले जाते. एखाद्या खंदकापुरते न खणता येथे विस्तृत क्षेत्र मोकळे करण्यात आले. त्यामुळे घरे, अंगणे, चुली, धान्याच्या कणग्यांच्या जागा, भट्ट्या आणि दफने अशी एका खेड्याची पूर्ण मांडणीच समोर आली.

४.
इनामगावच्या वस्तीचे तीन टप्पे पडतात.
माळवा काळ : सुमारे इ. स. पू. १६०० ते १४००.
पूर्व जोर्वे काळ : इ. स. पू. १४०० ते १०००.
उत्तर जोर्वे काळ : इ. स. पू. १००० ते ७००.

पूर्व जोर्वे काळात गाव भरभराटीला आलेले दिसते. मोठी आयताकृती घरे, पाणी वळवण्यासाठी खणलेला कालवा आणि त्याला बांध, धान्याचे कोठार, चाकावर घडवलेली सुबक रंगीत भांडी. मुख्य पीक जवाचे. उत्तर जोर्वे काळात चित्र पालटते. घरांच्या जागी लहान गोल झोपड्या येतात, भांडी ओबडधोबड होतात, शेतीचा पसारा आटतो आणि शिकार व पशुपालन यांवरचा भर वाढलेला दिसतो.

५.
ढवळीकरांनी या बदलाचे कारण हवामानात शोधले. इ. स. पू. १०००च्या सुमारास पाऊस कमी झाला, जवाची शेती परवडेनाशी झाली, लोक अर्धभटके झाले आणि अखेर गाव सोडून गेले, अशी त्यांची मांडणी होती. ही मांडणी पाठ्यपुस्तकांतून पसरली. मराठी वाचकाला ती लगेच पटते, याचे कारण उघड आहे. पर्जन्यछायेच्या प्रदेशात राहणाऱ्या माणसाला ‘पाऊस गेला, गाव उठले’ हे वाक्य समजावून सांगावे लागत नाही.

परंतु घरे आणि भांडी यांतून गावाची परिस्थिती कळते, माणसाच्या शरीराची नव्हे. पाऊस खरोखर दगा देत होता का, आणि दिला असेल तर तो कोणाच्या ताटातून काय घेऊन गेला, हे विचारायचे असेल तर साक्षीदार वेगळा हवा.

६.
असा साक्षीदार जमिनीखाली होता. इनामगावात दोनशेहून अधिक दफने सापडली आणि त्यांतील बहुसंख्य लहान मुलांची आहेत. पद्धत ठरलेली होती. घराच्या किंवा अंगणाच्या जमिनीत खड्डा घ्यायचा, राखाडी मातीचे दोन घडे तोंडाला तोंड लावून त्यात आडवे ठेवायचे आणि त्यांच्या पोकळीत बाळाचा देह. प्रौढ व्यक्तीला मात्र डोके उत्तरेकडे करून खड्ड्यात सरळ निजवले जाई आणि अनेकदा तिची पावले घोट्यापासून तोडलेली असत. त्यामागची समजूत काय होती, याविषयी तर्कच करता येतो. तान्ह्या मुलाला दहन न करता मातीत ठेवण्याची रीत मात्र महाराष्ट्रात आजही परकी नाही.

७.
ही मुले उपेक्षित नव्हती. नेवासे येथे १९५४ ते १९५६ या काळात झालेल्या उत्खननात एका मुलाच्या गळ्यात तांब्याच्या मण्यांची माळ सापडली. तांब्याच्या गंजामुळे त्या माळेचा धागासुद्धा टिकून राहिला होता. तपासणीत तो कापूस आणि रेशीम यांचा असल्याचे निष्पन्न झाले. भारतातील कापडाच्या इतिहासात या धाग्याला मोठे स्थान आहे. येथे मात्र दुसरी गोष्ट लक्षात घ्यायची. तांबे दुर्मीळ असलेल्या काळात कोणीतरी ते मुलाच्या गळ्यातून काढून न घेता त्याच्याबरोबर जाऊ दिले होते.

८.
आता हाडांकडे वळू. मुलाचा सांगाडा म्हणजे प्रौढ सांगाड्याची लहान आवृत्ती नव्हे. प्रौढ शरीरात २०६ हाडे असतात, तर नवजात बाळात हाडांचे सुमारे ३०० सुटे भाग असतात. मांडीच्या हाडाचा मधला दांडा आणि दोन्ही टोके वेगवेगळी तयार होतात. त्यांच्यामध्ये कूर्चेची एक पट्टी असते आणि हाडाची लांबी तेथेच वाढते. वाढ संपली की ही पट्टी भरून येते आणि हाड एकसंध होते. मातीत कूर्चा कुजून जाते, टोके सुटी पडतात आणि नवख्या खणणाऱ्याला ती खडे वाटू शकतात. नवजात बाळाच्या मांडीचे हाड जेमतेम साडेसात सेंटिमीटरचे. घड्यांचे कवच नसते, तर अशी हाडे ओळखीच्या स्थितीत क्वचितच मिळाली असती.

९.
हाडांवरून मुलाचे आरोग्य तपासताना पहिला प्रश्न वयाचा असतो. वय कळल्याशिवाय हाड आखूड आहे की मूलच लहान आहे, हे सांगता येत नाही. वयासाठी अभ्यासक दातांकडे जातात. उपासमारीत आणि आजारपणात हाडांची वाढ चटकन मंदावते, दातांची घडण मात्र तुलनेने आपल्या वेळापत्रकाने चालू राहते. म्हणून दातांवरून वय ठरवायचे आणि त्या वयाला हाडाची लांबी किती असायला हवी होती, ते पाहायचे. दात तीन वर्षांचे आणि मांडीचे हाड दोन वर्षांच्या मुलाचे, असे दिसले की वाढ खुंटली होती, असे म्हणता येते. अंगणवाडीत वयानुसार उंची मोजतात, त्यामागचे तत्त्व हेच आहे.

१०.
दुसरा प्रश्न जाडीचा. अन्न कमी पडले तरी शरीर काही काळ हाडाची लांबी वाढवत राहते, परंतु त्याची भिंत पातळ होऊ लागते. जणू घराची उंची राखण्यासाठी भिंतीच्या विटा काढून घ्याव्यात. म्हणून केवळ लांबी मोजून भागत नाही. हाडाचा आडवा छेद पाहावा लागतो. त्यात बाहेरचे कठीण आवरण किती आणि आतली पोकळी किती, हे मोजले जाते. शरीराचा भार पेलताना मांडीच्या हाडाचा दांडा त्या भाराप्रमाणे घडत जातो, म्हणून या छेदावरून मुलाच्या वजनाचाही अंदाज बांधता येतो. लांबीवरून उंची आणि छेदावरून वजन, असे दोन्ही आकडे हाती आले की मूल नुसते बुटके होते की वाळलेलेही होते, हे कळते.

११.
तिसरा भाग खुणांचा. प्रत्येक विकार हाडावर आपली निराळी खूण ठेवतो.

डोळ्यांच्या खोबणीच्या छतावर बारीक छिद्रांची जाळी दिसली, तर रक्तक्षयाचा संशय येतो. हा रक्तक्षय अपुऱ्या आहाराचा, जंतांचा की हिवतापाचा, यावर अभ्यासकांत अजून वाद आहे.
‘क’ जीवनसत्त्वाच्या अभावाने होणाऱ्या स्कर्व्हीत रक्तस्राव होतो आणि त्या जागी कवटीच्या विशिष्ट हाडांवर सच्छिद्रता येते.
वाढ थांबून पुन्हा सुरू झाली, तर क्ष-किरण चित्रात हाडाच्या टोकाजवळ आडव्या रेषा दिसू शकतात.
आणि मुडदुसात हाडांत चुना नीट भरत नाही. ती मऊ राहतात आणि भाराने वाकतात.

१२.
मुडदूस हा शब्द मराठी घरांत जुना आहे आणि या रोगाच्या इतिहासात महाराष्ट्राचा एक महत्त्वाचा धडा आहे. युरोपात या रोगाचे सविस्तर वर्णन १६५० साली फ्रान्सिस ग्लिसन यांनी केले, पण कारण अडीच शतके अज्ञात राहिले. १८९० साली जपानमध्ये काम केलेल्या थिओबाल्ड पाम या मिशनरी डॉक्टरांनी जगभरच्या मिशनरी डॉक्टरांकडून माहिती मागवली आणि असा निष्कर्ष काढला की, जेथे ऊन भरपूर तेथे मुडदूस विरळ. १९२२ साली हचिसन आणि शहा यांचा नाशिकमधील पाहणीवर आधारित अभ्यास प्रसिद्ध झाला. तेथील चित्र उलटे दिसत होते. पडदा पाळणाऱ्या, खाऊनपिऊन सुखी घरांतील मुलांत मुडदूस होता. साधे अन्न खाणाऱ्या, परंतु उन्हात वावरणाऱ्या कष्टकऱ्यांच्या मुलांत तो फारसा नव्हता.

१३.
नाशिकच्या या धड्याचा अर्थ नीट लक्षात घेतला पाहिजे. हाडाचा विकार दिसला म्हणजे घर गरीब होते, असा थेट निष्कर्ष काढता येत नाही. तसेच विकार दिसला नाही म्हणजे पोट भरलेले होते, असेही नाही. अन्न, ऊन, रोग, घरातील चालीरीती हे सगळे हाडापर्यंत वेगवेगळ्या वाटांनी पोहोचतात. तेव्हा इनामगावच्या हाडावर ताणाची खूण सापडली की लगेच ‘दुष्काळ’ असे लिहून मोकळे होणे ही घाई ठरेल. प्रत्येक खुणेला तिची वाट विचारावी लागते.

१४.
इनामगावच्या बाबतीत ही विचारणा अनेकांनी केली. डेक्कन कॉलेजचे सुभाष वाळिंबे आणि अमेरिकेतील ऑरेगन विद्यापीठाचे जॉन ल्यूकाक्स यांनी येथील मानवी अवशेषांचे सविस्तर वर्णन १९८६ साली प्रसिद्ध केले. पुढे १९९८ साली त्यांनी एका बारीक खुणेकडे लक्ष वेधले. दुधाच्या सुळ्याच्या बाहेरच्या अंगाला कधीकधी एक छोटा खळगा असतो. हा दात जन्माआधी आणि जन्मानंतरच्या पहिल्या काही महिन्यांत जबड्याच्या आत घडत असतो. त्या वेळी जबड्याचे हाड फार पातळ असेल, तर दातावरचे हाडाचे आवरण अपुरे पडते. बाळ हाती येईल ते तोंडात घालते, हिरडीवर दाब येतो आणि कोवळ्या दंतवल्काला इजा होते, असे या खळग्याचे स्पष्टीकरण दिले जाते.

१५.
या खळग्याचे महत्त्व असे की तो आयुष्याच्या अगदी पहिल्या महिन्यांची आणि गर्भवती आईच्या पोषणाचीही नोंद ठेवतो. एकदा घडलेले दंतवल्क पुन्हा बदलत नाही. हाड मात्र आयुष्यभर झिजते आणि नव्याने भरते, त्यामुळे जुन्या खुणा त्यावरून पुसल्या जाऊ शकतात. दात आणि हाड हे दोन साक्षीदार वेगवेगळ्या काळांविषयी बोलतात. ल्यूकाक्स आणि वाळिंबे यांनी या खळग्याचे प्रमाण नेवासे, दायमाबाद आणि इनामगाव येथील मुलांत तपासले आणि त्याचा संबंध हवामान व उपजीविका यांतील बदलांशी जोडून पाहिला.

१६.
त्यानंतरचे मोठे काम ग्वेन रॉबिन्स शुग यांचे. नेवासे, दायमाबाद आणि इनामगाव येथील मुलांच्या अस्थी त्यांनी अभ्यासल्या. मांडीच्या हाडाच्या छेदावरून मुलाच्या वजनाचा अंदाज बांधण्याची पद्धत त्यांनी सहकाऱ्यांसह विकसित केली. २०११ साली त्यांचे ‘बायोआर्किऑलॉजी अँड क्लायमेट चेंज’ हे पुस्तक प्रसिद्ध झाले. पुराहवामानाचे नवे पुरावे आणि मुलांच्या अस्थी असे दोन्ही समोर ठेवून त्यांनी ढवळीकरांची मांडणी पुन्हा तपासली. त्यांच्या मते हा प्रदेश अर्धशुष्क होता तो शेती बहरली तेव्हाही होता. केवळ पावसाने पाठ फिरवल्याने सारे घडले, हे स्पष्टीकरण पुरे पडत नाही.

१७.
उत्तर जोर्वे काळातील मुलांच्या वाढीत मात्र ताण दिसतो. उंची आणि वजन दोन्ही मागे पडल्याच्या खुणा आहेत. म्हणजे गावाची परिस्थिती बिघडली होती, हे हाडेही नाकारत नाहीत. वाद आहे तो कारणाचा. येथे एक आकडा ध्यानात ठेवावा : ३०० वर्षे. उत्तर जोर्वे काळ एवढा लांब होता. अचानक कोसळलेल्या गावाला ३०० वर्षे लागत नाहीत. त्या काळात दहा-बारा पिढ्या तेथे जन्मल्या, त्यांनी झोपड्या बांधल्या, गुरे राखली, शिकार केली आणि मुले वाढवली. त्यांनी बदलत्या परिस्थितीशी जुळवून घेतले होते. त्या जुळवून घेण्याची किंमत कोणी मोजली, हे मुलांच्या हाडांवरून कळते.

१८.
तथापि, येथे हाडांच्या अभ्यासातील सर्वांत मोठी अडचण उभी राहते. घड्यांत सापडलेली मुले ही गावातील सर्व मुले नव्हेत, ती दगावलेली मुले होत. जी वाचली, ती मोठी झाली आणि त्यांचे बालपणीचे हाड आपल्याला कधीच पाहता येणार नाही. १९९२ साली जेम्स वुड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हा पेच स्पष्ट शब्दांत मांडला. हाडावर खूण उमटायला वेळ लागतो. आजारी पडताच जे मूल गेले, त्याचे हाड स्वच्छ राहते. जे मूल महिनोन्‌महिने झुंजले, त्याच्या हाडावर खुणा उमटतात. मग खुणा असलेला सांगाडा अधिक अशक्त मुलाचा, की अधिक चिवट मुलाचा?

१९.
संख्येचाही असाच पेच आहे. दफनांत तान्ह्या मुलांचे प्रमाण फार मोठे दिसले की बालमृत्यू वाढले होते, असे आपण सहज म्हणतो. लोकसंख्याशास्त्र सावध करते. स्मशानात लहान मुले जास्त असण्याचे एक साधे कारण म्हणजे गावात मुले जास्त जन्माला येत होती. जन्म वाढले की मृतांमधील मुलांचा वाटाही वाढतो, मृत्यूचा दर तोच असला तरी. रॉबिन्स शुग यांच्या विवेचनात उत्तर जोर्वे काळातील जास्त जन्मदराचा मुद्दा महत्त्वाचा आहे. तेथे आईच्या शरीराचा विचार करावा लागतो. बाळंतपणे जवळजवळ आली, की अंगावरचे दूध लवकर तुटते, आधीच्या मुलाचा वाटा घटतो आणि ते दोन-तीन वर्षांचे मूल सर्वांत आधी खंगते.

२०.
शेवटचा प्रश्न मोजपट्टीचा. तीन वर्षांच्या मुलाचे हाड ‘एवढे असायला हवे होते’ हे कोणी ठरवले? पुरातत्त्वात दीर्घकाळ वापरली गेलेली मापे अमेरिकेतील डेन्व्हर येथील मुलांची आहेत. वैद्यकातही हीच गोष्ट. हाताच्या क्ष-किरण चित्रावरून हाडांचे वय ठरवण्यासाठी आजही जो ग्रॉयलिश आणि पाइल यांचा चित्रसंच वापरतात, तो १९५० साली प्रसिद्ध झाला आणि क्लीव्हलँडमधील सुस्थित गोऱ्या कुटुंबांतील मुलांवर आधारलेला होता. अशा पट्टीने मोजले, तर शिरूरचे मूल खुरटलेले दिसणारच. त्यातले किती खुरटणे आहे आणि किती पट्टीचा फरक, हे वेगळे काढावे लागते.

२१.
जिवंत मुलांच्या बाबतीत हा प्रश्न पुण्यातच पुढे नेला गेला. हिराबाई कावसजी जहांगीर मेडिकल रिसर्च इन्स्टिट्यूटमध्ये डॉ. अनुराधा खाडिलकर आणि सहकाऱ्यांनी भारतीय मुलांची वाढ आणि हाडांची घनता यांची संदर्भमूल्ये तयार करण्यावर अनेक वर्षे काम केले आहे. घनता मोजणाऱ्या डेक्सा यंत्राला हाडाची खोली दिसत नाही, त्यामुळे लहानखुऱ्या मुलाचे निरोगी हाडही त्याला विरळ वाटू शकते. म्हणून मुलांत घनतेची तुलना त्याच वयाच्या आणि लिंगाच्या मुलांशी करतात आणि उंचीही विचारात घेतात. हाडे ठिसूळ झाली आहेत, असे निदान केवळ घनतेच्या आकड्यावरून करत नाहीत. कोणती हाडे कशी मोडली, याचा इतिहासही पाहतात. लहान म्हणजे रोगट नव्हे, हा नियम दवाखान्यात आणि उत्खननाच्या खड्ड्यात सारखाच लागू पडतो.

२२.
आता मूळ प्रश्नाकडे परतू. पाऊस आणि मुलाचे हाड यांच्यामध्ये नेमके काय असते? याचे उत्तर जवळच्या इतिहासात आहे. १९७२-७३ साली महाराष्ट्रात भीषण दुष्काळ पडला. मराठवाडा त्यात होरपळून निघाला. परंतु दुष्काळी कामांवर मे १९७३मध्ये सुमारे ५० लाख मजूर होते. खडी फोडून का होईना, हाती रोज येत होता. सुकडी वाटली जात होती. हाल फार झाले, तरी पूर्वीच्या दुष्काळांसारखा मृत्यूचा वणवा पेटला नाही. ज्याँ द्रेझ यांच्यासारख्या अर्थतज्ज्ञांनी या अनुभवाचा सविस्तर अभ्यास केला आहे. आभाळ तेच राहिले, मधली व्यवस्था निराळी होती.

२३.
इनामगावातही अशी एक मधली व्यवस्था होती. पूर्व जोर्वे काळात गावाच्या मध्यभागी मोठे पाच खोल्यांचे घर होते आणि त्याला लागून धान्याचे कोठार. कुंभार, चुनेवाले, मणी घडवणारे अशा कारागिरांची घरे गावाच्या पश्चिम कडेला होती. कालवा आणि बांध एकट्यादुकट्या घराने उभारण्यासारखे नव्हते. ढवळीकरांनी यावरून गावात प्रमुखाची सत्ता आणि धान्याची साठवण व वाटप होत असावे, असे अनुमान काढले होते. उत्तर जोर्वे काळात कोठारही नाहीसे होते आणि पाण्याची ती व्यवस्थाही मोडकळीला आलेली दिसते. मुलांची हाडे ज्या काळात खुरटलेली दिसतात, तो हाच काळ.

२४.
हे दोन्ही बदल एकाच वेळी दिसतात, म्हणून एकाने दुसरा घडवला, असे सिद्ध होत नाही. पण प्रश्न विचारण्याची दिशा नक्की बदलते. ‘किती पाऊस पडला’ एवढेच विचारून चालत नाही. ‘पडलेल्या पावसाचे पाणी आणि पिकलेले धान्य कोणापर्यंत पोहोचत होते’ हेही विचारावे लागते. हाड पावसाची नोंद करत नाही. मुलाच्या तोंडापर्यंत पोहोचलेल्या घासाची, त्याला झालेल्या तापाची आणि त्याच्या आईच्या थकलेल्या शरीराची नोंद करते.

२५.
कोठार रिकामे झाल्याचे लिहून ठेवायला इनामगावात लिपी नव्हती. राजा नव्हता, शिलालेख नव्हता. तेथील अवघड वर्षांची सर्वांत तपशीलवार नोंद अशा माणसांच्या शरीरात राहिली, ज्यांना बोलताही येत नव्हते. ती नोंद आज वाचता येते, कारण कोणीतरी दोन घडे तोंडाला तोंड लावून घराच्या जमिनीत जपून ठेवले होते. गोदावरीच्या खोऱ्यात पुढे पैठणसारखी नगरे उभी राहिली. सातवाहनांची नाणी आणि लेख सर्वांना ठाऊक आहेत. त्यांच्याही कित्येक शतके आधीचा या प्रदेशाचा इतिहास लिहायचा असेल, तर सुरुवात साडेसात सेंटिमीटरच्या हाडापासून करावी लागते.